कापलेल्या लाल कुलपाची फिर्याद

मी लाल कुलूप बोलतोय. माझी कडी कापलेली आहे, त्यामुळे आता मला काहीच बंद करता येत नाही, तोंडसुद्धा नाही. ऐकणार असाल तर शेवटपर्यंत ऐका. अर्धं ऐकून 'अरेरे' म्हणत उठून जाणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि गेलं वर्षभर तर मला उठताबसता संतापच येतो आहे.

मला दारावरचं कुलूप समजू नका. दारावरची कुलपं चोरांसाठी असतात. मी माणसाचा जीव राखायला जन्माला आलो. लाल अंग, पोलादी कडी, पोटावर कोरलेला सत्तेचाळीस नंबर आणि एकच किल्ली. दुसरी किल्ली बनवलेलीच नव्हती. एका खोक्यात भरून मला भिलाईला आणलं आणि प्लांटमधल्या शामराव कापगते नावाच्या इलेक्ट्रिशियनच्या हातात दिलं.

शामराव साकोलीकडच्या एका खेड्यातले. बाप धान पेरायचा, पोरगा अठ्ठाविसाव्या वर्षी इकडे आला आणि इथलाच झाला. हात जाडेभरडे, पण काम असं नेटकं की एकेक तार चापूनचोपून बसवायचे. बोलायचे कमी. मला रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. वीस वर्षं आम्ही दोघं बरोबर होतो.

आमचं काम सोपं होतं. मशीन दुरुस्त करायची झाली की आधी तिची लाइन बंद करतात. बंद केलेल्या स्विचला काम करणारा आपलं कुलूप लावतो, किल्ली गळ्यात अडकवतो आणि मशीनच्या पोटात शिरतो. तो बाहेर येईपर्यंत कुणी, अगदी मोठ्यातला मोठा साहेबसुद्धा, तो स्विच चालू करू शकत नाही. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं, हा नियम.

एकदा तर गंमतच झाली. शामरावांच्या सासरी, नंदिनी नगरला, बारसं होतं. काम संपल्यावर घाईघाईत मला तसंच स्विचवर ठेवून, किल्ली गळ्यात घालून हे निघून गेले. पुढची पाळी खोळंबली. सगळे शिव्या घालत होते, पण मला कुणी बोट लावलं नाही. जीप पाठवून शामरावांना पंक्तीतून उठवून आणलं. त्यांनी किल्ली फिरवली, मग काम सुरू झालं. ही गोष्ट नंतर बरीच वर्षं त्यांच्या घरी हसून सांगितली जायची. तेव्हा मलाही हसू यायचं.

शामराव रिटायर झाले त्याच महिन्यात प्लांटमध्ये नवी कुलपं आली. जुनी भंगारात जाणार होती. स्टोअरवाल्यानं शाल-नारळाबरोबर मलाही त्यांच्या हातात ठेवलं. क्वार्टर सोडावं लागलं, आणि आम्ही नाल्याजवळच्या नव्या वस्तीत राहायला आलो. खाली दोन खोल्या, वर एक. प्लॉट स्वस्त का मिळाला हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं. नाला उलटला आणि पाणी घरात गुडघाभर उभं राहिलं. गव्हाची कोठी गेली, गाद्या गेल्या, हिराबाईंची सगळी औषधं गेली. हिराबाई म्हणजे शामरावांची बायको. त्यांना दमा आहे, हे लक्षात असू द्या.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. शामरावांनी वही काढली. घर म्हणजे मशीन आणि पूर म्हणजे शटडाउन, असं धरून त्यांनी यादी केली. एका बाजूला काम, मग ते कोणी करायचं, आणि शेवटी सहीचा रकाना. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घालून वर. धान्य वर. हत्यारांची पेटी वर. सगळ्यांचे फोन पिशवीत बांधून वर. खालच्या बोर्डांचे सगळे प्लग काढून ठेवायचे. हिराबाईंच्या दम्याचे दोन पंप वरच्या खोलीत. पाणी ओट्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं की मेन स्विच बंद, आणि त्याला कुलूप. कुलूप म्हणजे मी. त्यासाठी त्यांनी मुद्दाम जुन्या चालीचा लोखंडी डब्ब्याचा मेन स्विच जिन्यात उंचावर बसवून घेतला. शेवटचं काम होतं, दोन घरं सोडून राहणाऱ्या सिंधुताईंना उचलून उंच जागी नेणं. म्हातारीचे दोन्ही गुडघे गेलेले, घरात दुसरं कुणी नाही.

दर वर्षी जूनमध्ये मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला की ही यादी भरायची असं ठरलं. गावाकडे त्या दिवशी बी-बियाणं काढून ठेवतात, इथं आमचे शामराव शिट्टी वाजवून घरच्यांना जिन्यावर पळवायचे. गल्ली हसायची. समोरचा तेजराम म्हणायचा की शामरावभाऊ रिटायर झाले, पण त्यांच्यातला प्लांट काही रिटायर होत नाही. शामरावांना त्याचं काही वाटत नसे.

आता परागचं सांगतो. हा शामरावांचा एकुलता एक मुलगा, वय सत्तावीस, रसमड्याच्या एका कारखान्यात नोकरीला. वाईट नाही हो पोरगा. आईवर फार जीव. पण कागद भरायची एक सवय त्याला लागली होती. पाळी सुरू होताना फॉर्म पुढे येतो, त्यात वीस रकाने असतात, आणि ही आजकालची पोरं वीसच्या वीस रकान्यांत एका दमात सह्या ठोकतात. बघायला कोण उठतंय?

गेल्या वर्षी मिरगाच्या दिवशी शामरावांनी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याच्या वाटणीला चार कामं होती. दम्याचे पंप वर नेणं हे एक, आणि खालचे प्लग काढणं हे दुसरं. तो पलंगावर लोळून मोबाइल बघत होता. लोळल्या लोळल्या त्यानं चार सह्या केल्या आणि वही परत दिली. मी खिळ्याला टांगलेला होतो, मी पाहिलं. चारही सह्या एकाच पेनच्या, एकाच मिनिटात केलेल्या. पंप खाली फ्रिजजवळच्या टोपलीत, कूलरचा प्लग बोर्डात.

शामरावांवरही मी चिडलोय, उगाच लपवत नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच मानलं की सही म्हणजे काम झालं. सहीमागं काम नसू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बाकी सगळं स्वतः तपासणारा माणूस, पण पोराच्या सहीवर डोळे मिटून विसंबला.

ऑगस्टात तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नाला फुगून गल्लीत शिरला. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं तसे शामराव जिन्यात आले. त्यांनी दांडी खाली ओढली, मला अडकवलं, किल्ली फिरवली, दोनदा ओढून पाहिलं, टेस्टर लावून लाइन मेल्याची खातरी केली आणि किल्ली गळ्यात घातली. हे सगळं त्यांनी केलं. मी होतो ना तिथे! हिराबाईंना वर बसवलं, परागला त्यांच्यापाशी थांबायला सांगितलं आणि तेजरामला घेऊन सिंधुताईंना हलवायला निघाले. फोन यादीप्रमाणे वरच्या पिशवीत.

थोड्या वेळानं वरून हिराबाईंचा आवाज यायला लागला. जिना चढून आणि ओल्या हवेनं त्यांना धाप लागली होती. परागनं पंप शोधला. वर पंप नव्हता, कारण तो वर नेलाच नव्हता. तो खाली धावला, तर टोपली केव्हाच पाण्यात उपडी झालेली, पंप वाहून गेलेले. वर औषधाची वाफ देणारी मशीन होती, पण तिला लाइट लागतो. आईचे ओठ निळे पडत चालले होते. पराग हत्यारांची पेटी उघडून आरी घेऊन जिन्यात आला. बापाचीच आरी.

त्यानं माझी कडी कापली. तीन-चार मिनिटं लागली असतील. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी पायरीवर पडलो आणि त्यानं दांडी वर केली.

थांबा. इथं 'बिचारा, काय करणार?' म्हणू नका. कापलं, त्याचा मला राग नाही. आई गुदमरत असताना नियम कसला? पण नंतर? मशीन चालू झाली, दहा मिनिटांत हिराबाईंचा श्वास खाली बसला, आणि हा मास्क धरून आईजवळ बसून राहिला. बाप दोन घरांपलीकडे पाण्यात होता. खिडकी पलंगाला लागून होती. एक आवाज द्यायचा होता, 'बाबा, लाइन चालू आहे.' चार शब्द. तेवढे चार शब्द त्याला सुचले नाहीत.

सिंधुताईंना खाटेवर घालून चौकातल्या उंच दुकानाच्या ओट्यावर पोचवलं आणि शामराव घरी परत आले. खाली सिलिंडर तरंगत होता, तो बांधावा म्हणून आत शिरले. पाणी गुडघ्यावर होतं. त्यांना कसली भीती? त्यांचं कुलूप लागलेलं होतं. तोल सावरायला त्यांनी कूलरचा लोखंडी स्टँड धरला.

मी पायरीवरून पाहत होतो. हाक मारायला मला आवाज नव्हता.

झटक्यानं ते भिंतीवर आपटले. त्याच क्षणी फ्यूज उडाला, म्हणून वाचले. तेजराम मागून आला, त्यानं त्यांना ओढून काढलं. उजव्या हाताची दोन बोटं जळाली, ती आता वाकत नाहीत. डोक्याला मार लागला, आणि त्या मारानं त्यांची ती सगळी सकाळ पुसून टाकली. रबरी चप्पल पायात घातली इथपर्यंत त्यांना आठवत होतं. पुढचं काही नाही.

पुढचं मला नंतर घरातल्या बोलण्यावरून कळलं: दवाखान्याच्या व्हरांड्यात तेजरामनं सरळ विचारलं की मेन चालू कसा राहिला. चारपाच जण उभे होते. आणि पराग म्हणाला, "बाबा बंद करायचं भूल गये."

वा रे पोरा! गोष्ट सगळ्यांना लगेच पटली, कारण बारशाच्या पंक्तीतून उठवून आणल्याची ती जुनी गंमत साऱ्या गल्लीला तोंडपाठ होती. पहिलेही विसरले होते, आता तर वय झालं, असं म्हणून लोक चुकचुकले. परागनं घरी येऊन पायरीवरून मला उचललं, मोज्यात गुंडाळलं आणि वरच्या खोलीतल्या माळ्यावर, रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकलं. फेकून द्यायचीही हिंमत झाली नाही त्याला.

मग ते वर्ष सुरू झालं. त्या डब्यात पडून मी घरातला एकेक शब्द ऐकला. शामराव बरे होऊन घरी आले आणि पहिल्या दिवसापासून विचारू लागले, मी कुलूप लावलं होतं ना? किल्ली तर माझ्या गळ्यात होती, मग कुलूप कुठं गेलं? परागनं सांगितलं की तुम्ही किल्ली घेतली, पण कुलूप लावायचं राहिलं, ते पाण्यात वाहून गेलं. पहिले दोन महिने शामराव भांडले. बत्तीस वर्षांत असं कधी झालं नाही म्हणाले. मग हळूहळू त्यांचा आवाज बसत गेला.

बघता बघता तो माणूस खचला. गॅस बंद केला का म्हणून तीन-तीनदा विचारायचे. फाटकापर्यंत जाऊन दाराचं कुलूप बघायला परत यायचे. आधी गल्लीत कुणाचा पंखा बिघडला की शामरावांना हाक यायची. ती यायची थांबली, आणि आली तरी ते जात नसत, हातून काही चुकेल म्हणून. परागनं त्यांच्या स्कूटरची चावी काढून घेतली. वर त्यांना डॉक्टरकडे नेऊन विसरण्याच्या गोळ्याही सुरू केल्या! अहो, काही न विसरलेल्या माणसाला विसरण्याच्या गोळ्या! रोज रात्री जेवणानंतर तो स्वतःच्या हातानं बापाच्या तळहातावर गोळी ठेवायचा, आणि डब्यात माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हिराबाईंनाही मी सोडत नाही. त्या दिवशी धापेतसुद्धा त्यांनी आरीचा आवाज ऐकला होता. त्यांना पुरतं ठाऊक नसेल, पण अंदाज होता. विचारलं असतं तर पोराचं नाव येणार होतं, आणि ते सगळं त्यांच्याच श्वासासाठी झालेलं. म्हणून त्या गप्प बसल्या. नवरा आपल्याच डोक्याला घाबरून जगत होता आणि ह्या त्याला दूध गरम करून देत होत्या.

यंदा मिरग लागला आणि शामरावांनी वही काढलीच नाही. हिराबाईंनी आठवण केली तर म्हणाले, "मले नको सांगू. माझ्याच्यानं आता काही होत नाई." मी वरून ऐकलं. नाल्याला पाणी चढू लागलं होतं, आणि सगळ्या वस्तीत तयारी असलेलं जे एक घर होतं तेही यंदा उघडं पडलं होतं.

हिराबाईंनी पदर खोचला. स्वतः वही शोधली आणि एकेक काम करायला लागल्या. दोन्ही पंप वर आणले, प्लग उपटले. माळ्यावर धान्याच्या पिशव्यांना जागा करताना रंगाचा डबा हलवला, तर आत काहीतरी खडखडलं. मोजा सोडून त्यांनी मला हातात घेतलं.  मग खाली आल्या. पराग पाळीला जाण्याआधी जेवत होता, शामराव समोर खुर्चीत बसले होते. हिराबाईंनी मला शामरावांच्या मांडीवर ठेवलं.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "माळ्यावर सापडलं. मी याले विचारायला पाह्यजे होतं तेव्हाच. नाई विचारलं."

परागचा घास हातातच राहिला. शामरावांनी चष्मा लावला. मला उलटंपालटं केलं, पोटावरचा नंबर वाचला, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. बत्तीस वर्षं लोखंड हाताळलेला माणूस. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी माझ्यात फिरवली. ती फिरली, आणि कडीचा तुटका दांडा पोटातून सुटून बाहेर आला. म्हणजे कापताना मी बंद होतो. त्यांना आणखी काही सांगायची गरज पडली नाही.

पराग रडायला लागला. आईचा जीव जात होता, असं काहीतरी बोलू लागला. शामरावांनी हात वर केला.

"कापलं त्याचं काही नाई. तिच्यासाठी मीबी कापलं असतं," ते म्हणाले. "पण सालभर मले पागल कावून ठरवलं तुनं? मी आरशात पाहून स्वतःलेच विचारत होतो, शाम्या, तुह्या डोक्यात काय शिल्लक हाय? तू रोज माह्या हातावर गोळी ठेवत होता. तुले काहीच नाई वाटलं?"

परागनं पुढचं ताट बाजूला सारलं. 

"ती सकाळ माह्याजवळ नाई," शामराव मग म्हणाले. "तुह्याजवळ आहे. पहिल्यापासून सांग मले. मी चप्पल घातली, त्याच्यापुढे काय केलं?"

आणि पराग सांगू लागला. बाबा, तुम्ही दांडी ओढली. कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं. टेस्टर लावला. शामराव प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी उतरत होतं. पराग मध्येच थांबला, पुढचं तुम्हाला माहीतच आहे म्हणाला. "मले माहीत नाई. सांग," शामराव म्हणाले. त्यानं सगळं सांगितलं, सह्यांसकट.

शामरावांनी शेवटी एकच गोष्ट मागितली. दवाखान्यात ज्यांच्यासमोर तू बोललास त्यांच्यासमोर जाऊन खरं सांग. तेजरामपासून सुरू कर, त्याचं घर समोरच आहे. पराग हो म्हणाला.

त्याला आज नऊ दिवस झाले. मी आता खिडकीत पडून असतो, इथून तेजरामचं फाटक दिसतं. कडी तुटली, कामातून गेलो, भंगारवाला आला तर मी हसत जाईन. पण अजून नाही. पराग रोज संध्याकाळी गाडी लावतो, तेजरामच्या घराकडे बघतो आणि घरात येतो. काल तर तेजराम फाटकातच उभा होता. परागनं त्याला पाऊस किती पडेल ते विचारलं आणि वळला. सही करायला मिनिट लागत नाही, सांगायला नऊ दिवस! गल्लीत अजून तेच बोललं जातं, की बिचारे शामराव, मेन बंद करायचं विसरले आणि स्वतःचा हात घालवून बसले.

त्यांनी पोराला माफ केलं असेल, ते बाप आहेत. मी कुलूप आहे, मी केलेलं नाही. तुमच्याही घरी पावसाळ्याची यादी असेल, कुणाच्या तरी सह्या असतील. उठा आणि जाऊन बघा, त्या सहीमागची वस्तू खरंच जागेवर आहे का. मी चिडून सांगतोय असं वाटत असेल तर चिडूनच सांगतोय.

आणि परागच्या तेजरामकडे जाण्याची वाट बघत बसायला माझ्यात आता धीर नाही, म्हणून त्यानं सांगायचं ते मीच तुम्हाला सांगून टाकतो. चार माणसांत सांगा. शामराव कापगते विसरले नव्हते.